अकरा वाट्या

फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून सुनीती एकेक वाटी काढत गेली आणि ओट्यावर ओळीने मांडत गेली. दोन झाल्या, पाच झाल्या, तरी मागे आणखी होत्याच. अकरावी काढल्यावर कप्प्यात फक्त एक वाळकं लिंबू उरलं. सगळ्या वाट्या स्टीलच्या, प्रत्येकीच्या तळाशी बोटभर दही, वर पिवळसर पाणी सुटलेलं. आणि अकरांपैकी एकही घरची नव्हती.

"आई, ह्या कुणाच्या?"

कुसुमावतीबाई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. जानेवारीतलं ऊन दिल्लीच्या द्वारकेत दहाच्या आधी येत नसे. आज रविवार म्हणून की काय, ते आणखी उशिरा आलं होतं.

"नावं घातली आहेत त्यांच्यावर. वाच. एवढी शिकलीस ती कशाला?"

सुनीतीने एक वाटी उजेडात धरली. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'मोहिते'.

"पार्किंग," आई म्हणाली.

"ही? 'एस. लक्ष्मी'."

"मिक्सर. पहाटे साडेपाचला लावतात, सून ओरडते."

"ही मला वाचता येत नाही."

"बंगाल्यांची. गच्चीवरचा अँटेना. दिवाळीच्या आसपासची असेल."

"आणि 'चि. सुजयच्या बारशाप्रीत्यर्थ'?"

"ते सुजयचे आईवडीलच. तो कुणावर गेलाय यावरून."

सुनीतीला हसू आलं आणि ते आलं म्हणून ती किंचित दचकली. अण्णांना जाऊन चौदा दिवस झाले होते. काल तेरावा आटोपला, नातेवाईक रात्रीच्या गाड्यांनी पुण्याला आणि नागपूरला परतले, आणि आज घरात पहिल्यांदा सगळी कपाटं उघडी होती.

अण्णासाहेब केंद्र सरकारातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि सहा वर्षांपूर्वी इंद्रायणी सोसायटीत राहायला आले. तेव्हा या सेक्टरात माणसांपेक्षा कीकराची काटेरी झाडं जास्त होती, आणि सकाळी फाटकाशी नीलगाय उभी असे. सोसायटी काढली होती मराठी सरकारी नोकरांनी. पण पाण्याचा टँकर, खारी बोअर आणि न येणारी बस यांना कंटाळून निम्म्यांनी घरं विकली. त्यांच्या जागी पंजाबी आले, तमिळ आले, बंगाली आले. कर्जावर गाड्या आल्या, प्रत्येक खिडकीत केबलची वायर आली. भिंती मात्र होत्या तेवढ्याच पातळ राहिल्या. समोरच्या घरी कुणी शिंकलं तर अलीकडच्या घरातून 'जीते रहो' म्हणावं, अशा.

अण्णांचं शेजारपण या भिंतींतून सुरू झालं. कुठे आवाज चढला की ते वर्तमानपत्र खाली ठेवत, चपला घालत आणि त्या दारावरची बेल वाजवत. दार उघडणाऱ्याचा चेहरा लाल असे. अण्णा नम्रपणे विचारत, "थोड़ा जामन मिलेगा?" दही विरजायला लागणारं चमचाभर विरजण मागायला आलेल्या म्हाताऱ्याला कोण नाही म्हणणार? बाई आत जाई, फ्रिज उघडे, वाटी शोधे. तेवढ्या वेळात अण्णा दारातून पुरुषाला विचारत, काय हो, तुमच्याकडे टँकर किती वाजता आला? भांडण थंड व्हायला एवढी मिनिटं पुरत. भांडणाबद्दल अण्णांनी कधी चकार शब्द काढला नाही.

गंमत अशी की घाईत ते वाटी न्यायला विसरत. रिकाम्या हातांनी विरजण मागणारा माणूस दारात दिसला की आपला आवाज कुठवर गेला हे त्या घराला आपोआप कळे. विरजण त्यांच्याच वाटीतून येई, आणि वाटी इथे राही.

"समोरच्या सभरवालांकडे जोरात झालं की आमच्याकडे कढी," आई म्हणाली. "लोकांच्या भांडणांवर सहा वर्षं कढी प्यायलेय मी. मला आवडतसुद्धा नाही." तिने एक शेंग दोन्ही बाजूंनी बघून बाजूला टाकली. "वाट्या घासून देऊन ये सगळ्यांच्या. आणि रिकाम्या देऊ नकोस, साखर घाल."

सुनीती वाट्या सिंककडे नेऊ लागली तेव्हा आई उठून आली आणि ओळीतली शेवटची वाटी तिने उचलली. तिच्यावर 'सभरवाल परिवार' असं होतं.

"ही राहू दे."

"का?"

"ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळची आहे," एवढंच म्हणून आई परत मटारांकडे गेली.

सुनीतीने दहा घासल्या.

तिच्या पर्समध्ये एक पांढरं कार्ड होतं. परीक्षांसाठी दिल्लीत येणाऱ्या मराठी मुलांकरता एक प्रकाशक इंग्रजी-मराठी कोश काढत होता. शब्दाचा अर्थ आणि त्याच्या रोजच्या वापराची वाक्यं. एका अक्षराचं काम सुनीतीकडे होतं. फरीदाबादच्या घरी ती 'इंटरव्हीन'च्या कार्डावर होती तेव्हा अण्णा गेल्याचा फोन आला. तिन्ही अर्थ लिहून झाले होते: मध्ये पडणे, मध्यस्थी करणे; हस्तक्षेप करणे; काळ किंवा घटना मध्ये येणे, आड येणे. वाक्यं राहिली होती. फोन ठेवल्याबरोबर तिसऱ्या अर्थाचं वाक्य तिला सुचलं होतं. ते तिने लिहिलं नाही. कार्ड मात्र चौदा दिवस जवळ बाळगलं, आणि आज सकाळी पर्समधून काढून टेबलावर ठेवलं, आज तरी ते पुरं करायचं म्हणून.

साडेअकराला विश्वास आला, तिचा धाकटा भाऊ. हातात मोबाईल, किल्ल्या, आणि एक नवी कोरी चाकांची सुटकेस.

"आईचं सामान ह्यात मावेल," तो म्हणाला. "पाचपर्यंत निघू. गुडगावच्या रस्त्यावर नंतर धुकं पडतं."

सुनीती वाट्या पुसत होती. नवऱ्याशी तिचं आधीच ठरलं होतं. "मी प्रकाशना संध्याकाळी सहाला गाडी घेऊन यायला सांगितलंय. फरीदाबादची खोली तयार आहे."

"अच्छा."

"हो."

दोघं अतिशय सभ्यपणे एकमेकांकडे पाहून हसले. गेली सहा वर्षं ते असेच वागत होते. दिवाळीला फोन, वाढदिवसाला कार्ड, मुलांच्या मार्कांची चौकशी. आई मटार सोलत होती. तिला दोघांपैकी कुणीच काही विचारलं नाही. ती शेंगा जरा जोरात फोडू लागली.

"ताई, अण्णांचा तो तपकिरी मफलर कुठे आहे?" विश्वासने कपाटातून विचारलं. "बाकी काही नको मला. तेवढा नेतो."

"तिथेच असेल, शोध."

सुनीती ट्रेमध्ये दहा वाट्या घेऊन निघाली.

लक्ष्मी मामींनी साखरेची वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि आत सुनेला हाक मारून दाखवली. "देख, वापस आ गयी." मग सुनीतीकडे वळून हळूच म्हणाल्या, "अब मिक्सर सात बजे लगाती हूँ. झगड़ा होगा तो कौन आयेगा?" बंगाली बाबूंनी वाटी ओळखलीच नाही, त्यांच्या बायकोने ओळखली, आणि ती किती महिने तिकडे होती यावरून दोघांत दारातच सुरू झालं. सुनीती घाईने जिना उतरली. मध्ये बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. ती पुस्तकांतली माणसं वाचून समजून घेई. समोरची मात्र शांत होईस्तोवर ती खिडकीबाहेर बघे.

तळमजल्यावर सेक्रेटरी गुलाबराव मोहिते व्हरांड्यात फाइल घेऊन उन्हाला बसले होते.

"या, या. बरं झालं आलात. हे बघा, शोक-प्रस्ताव. 'कैलासवासी अण्णासाहेब सोसायटीच्या प्रत्येक मॅटरमध्ये वेळोवेळी इंटरव्हीन करीत असत.' कसं वाटतं?"

सुनीतीने वाटी फाइलीशेजारी ठेवली. "त्यांना हा शब्द आवडत नसे."

"मला सांगता? पाण्यासाठी पंधरा पत्रं गेली वरती. सगळी त्यांनीच लिहिली. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, आपण कृपया या प्रकरणी इंटरव्हीन करावे. पंधरावं टाइप करताना मी म्हटलं, अण्णासाहेब, ह्या खेपेला तरी करतील का कुणी? तर म्हणाले, गुलाबराव, खुर्चीला पाय चार असतात, पण ती उठून येत नाही." गुलाबराव हसले आणि मग चष्मा काढून उगाच पुसू लागले. "माझ्या पार्किंगच्या वेळी मात्र स्वतः आले. घरच्या लेंग्यावर. मी त्या सुजयच्या बापाची कॉलर धरलेली, आणि हे विचारतात, जामन आहे का? म्हटलं, अहो, हात रिकामा होऊ द्या!"

"मग?"

"मग काय. केला रिकामा."

त्यांनी शब्द खोडला. वर काय लिहावं ते त्यांना सुचेना. सुनीतीलाही सुचलं नाही, आणि त्यासाठी तर तिला नेमलं होतं.

जिना चढताना तिच्या मनात एक जुनी तक्रार पुन्हा वर आली. सगळ्या बिल्डिंगच्या दारात उभा राहणारा हा माणूस स्वतःच्या मुलांच्या मध्ये कधी उभा राहिला नाही. तिने ती वर पोचल्यावर आईला बोलूनही दाखवली, ट्रे घासता घासता, जणू सहज.

"तुम्ही भांडत कुठे होतात?" आई ओट्याशी दूध तापवत होती. "आवाज यावा लागतो. तुम्ही दोघं आपली सुशिक्षितांसारखी गप्प. गप्प बसलेल्याच्या दारात जाऊन काय मागायचं?"

जेवणं झाली. आई स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. विश्वासने सुटकेस उघडून हॉलमध्ये पसरली होती. सुनीतीने फरीदाबादहून आणलेली पिशवी तिच्या शेजारी ठेवली होती. आईच्या साड्या मध्ये, कुठेच न गेलेल्या.

"ताई, प्रॅक्टिकली विचार कर," विश्वास म्हणाला. "आमच्याकडे लिफ्ट आहे, पाणी आहे, जनरेटर आहे."

"आणि दिवसभर घरात कोण आहे?"

"बाई आहे."

"आई बाईशी काय बोलणार?"

"तुझ्याशी तरी काय बोलणार? तू पुस्तकात डोकं घालून बसणार."

सुनीतीने साडीची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "मी दर शनिवारी यायची इथे, दोन बस बदलून. तू सहा वर्षांत किती वेळा आलास?"

"मोजत होतीस?"

"अण्णा मोजत होते."

ते तिला म्हणायचं नव्हतं. विश्वासने मोबाईल टेबलावर ठेवला, फारच हळू.

"मी सरकारी नोकरी सोडली तेव्हा अण्णा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत," तो म्हणाला. "परदेशी कंपनी म्हणजे त्यांना वाटलं, मी देशच सोडला. तेव्हा तू इथे होतीस. दर शनिवारी. दोन बस बदलून. एक शब्द बोललीस त्यांच्याशी माझ्या बाजूने?"

"ते तुमच्या दोघांतलं होतं."

"तेच! तुझं नेहमी तेच! तुमच्यातलं आहे, तुम्ही बघा! अगं, मध्ये पडायचं असतं माणसानं! मोठी बहीण कशाला असते मग?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! घर आहे माझं!"

"घर तुझं? दिवाळीला फोन करायचा आणि घर तुझं? ते गेले त्या दिवशी तुझा तो दीडदमडीचा मोबाईल बंद होता, विश्वास! चार तास! मी शेजाऱ्यांना घेऊन—"

"बॅटरी संपली होती! किती वेळा सांगू? तुला काय वाटतं, मला ते रोज आठवत नाही?"

"मला काय माहीत तुला काय आठवतं! तू कधी बोललास?"

"तू कधी विचारलंस?"

सुनीतीला आपलाच आवाज ओळखू आला नाही. तो अंगात इतका होता हे तिला ठाऊक नव्हतं. ती पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात बेल वाजली.

दोघंही थांबले. सुनीतीने पदर सारखा केला आणि दार उघडलं.

समोरच्या सभरवाल आंटी उभ्या होत्या. अंगावर शाल, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची.

"बेटा," त्या म्हणाल्या, "थोड़ा जामन मिलेगा?"

"आंटी, सॉरी, आपकी कटोरी मैं अभी लाने ही वाली थी, वो माँ ने..."

"कटोरी रहने दे. जामन चाहिए."

सुनीती त्यांच्याकडे बघत राहिली. आंटी तिच्याकडे न बघता खांद्यावरून विश्वासला विचारत होत्या, "और बेटा, गुड़गाँव में पानी ठीक आता है?"

विश्वासने त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. तो सोफ्यावर मटकन बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की काय, हे सुनीतीला कळेना. बहुधा त्यालाही कळत नसावं.

"आता है, आंटी," तो हातांआडून म्हणाला. "चौबीस घंटे."

"बढ़िया."

"माफ कीजिए," सुनीती म्हणाली. तिचा घसा बसला होता. "घर में दही है ही नहीं. सब..."

"है," आतून आईचा आवाज आला.

कुसुमावतीबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं हिंदी दिल्लीत पस्तीस वर्षं राहूनही सदाशिव पेठेबाहेर पडलं नव्हतं.

"है, पर अभी नहीं. अभी अभी लगाया है. कल सुबह साडेसात को आके ले जाना."

"ठीक है, भाभीजी. कल सुबह," सभरवाल आंटी म्हणाल्या, आणि दोन वेगळ्या चपला वाजवत समोरच्या दारात शिरल्या.

दार लावून सुनीती वळली. विश्वास उठला होता. दोघं एकमेकांकडे न बघता स्वयंपाकघरात गेले.

ओट्याच्या कोपऱ्यात, गॅसपासून जरा दूर, दह्याचा सट होता, घरचा. त्याच्याभोवती तपकिरी मफलर तीन वेढे देऊन गुंडाळलेला होता, शेवटचं टोक आत खोचलेलं, थंडीत फिरायला निघताना अण्णा खोचत तसं. वर झाकण म्हणून एक पांढरं कार्ड होतं. शेजारी 'सभरवाल परिवार'ची वाटी घासून पालथी घातलेली.

"आई, हा मफलर मी सकाळपासून..." विश्वासने हात पुढे केला.

"हात लावू नकोस. थंडीत ऊब नसली तर लागत नाही दही."

"आणि माझं कार्ड?" सुनीती म्हणाली.

"झाकणी सापडेना. अर्धं कोरंच तर होतं."

"अगं पण पाचला निघायचं..." विश्वास म्हणाला.

"सहाला," सुनीती म्हणाली.

"हलवलं की पाणी सुटतं," आई म्हणाली. तिने डब्यातून उरलेल्या मटारच्या शेंगा काढून टेबलावर ओतल्या. "उद्या सकाळी बघू काय लागलंय ते. तोवर दोघं बसा सोलायला."

दोघं बसले. ढिगाच्या एका बाजूला तो, एका बाजूला ती. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. थोड्या वेळाने विश्वासने किल्ल्या खिशातून काढून फ्रिजवर ठेवल्या, बोचत होत्या म्हणून. सुनीती उठली, प्रकाशना फोन करून गाडी आणू नका म्हणाली आणि परत येऊन बसली. हे गप्प बसणं नेहमीचं नव्हतं. घसे दुखत होते.

समोरून सभरवालांचा आवाज आला. आधी पुटपुट, मग नीट.

"क्या ज़रूरत थी जाने की? उनके घर का मामला है!"

"तो और कौन जाता? आप? आपसे तो अख़बार नहीं छूटता!"

"मेरी चप्पल पहन के गयी! लोग क्या कहेंगे!"

"लोग गये भाड़ में, और चप्पल भी!"

काहीतरी स्टीलचं खाली पडलं आणि बराच वेळ गोल फिरत राहिलं.

आईने मान वर केली नाही. एक शेंग फोडली, दाणे वाडग्यात सोडले.

"जा कुणीतरी," ती म्हणाली.

विश्वासने सुनीतीकडे पाहिलं. सुनीतीने सवयीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर टँकर उभा होता, त्याच्यापुढे बादल्यांची रांग, सगळं शांत. ती उठली. चपला घातल्या. दार उघडलं, मधली चार पावलं ओलांडली आणि सभरवालांची बेल दाबली.

आतला आवाज थांबला. कडी सरकली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, वाटी घ्यायची राहिली.